वर एसी, खाली नाना

पाण्याचे आणि माझे जन्मापासून वाकडे आहे. म्हणजे लहानपणी मी विहिरीत वगैरे पडलो होतो असे नाही. पण जिथे पाणी यायला हवे तिथे ते माझ्यासाठी कधी आले नाही, आणि जिथे यायला नको तिथे ते न चुकता आले. नळाखाली बादली लावून मी अर्धे आयुष्य काढले. नळातून फक्त हवेचा फुसकारा आला. उलट घराचे छत, न्हाणीघराची भिंत, नव्या छत्रीचा दांडा, डब्यातल्या आमटीचे झाकण अशा ठिकाणांहून मात्र पाणी मला शोधत शोधत आले. तेव्हा घरात थंड हवेचे यंत्र बसवल्यावर त्यातूनही अखेर पाणीच येणार, हे मला आधीच कळायला हवे होते. पण माझे सगळे शहाणपण हे पाण्यासारखेच आहे. वेळ टळून गेली की मग येते.

यंत्र आणले ते आईसाठी. आईचे वय शहाऐंशी. डोंबिवलीचा उन्हाळा हा उन्हाळा नसून उकाडा असतो. नागपूरचा माणूस मे महिन्यात भाजून निघतो, आम्ही शिजून निघतो. २०२४ च्या मे महिन्यात आई रात्र रात्र बसून काढू लागली. विचारले तर म्हणायची, "झोप झाली माझी. म्हाताऱ्या माणसाला किती झोप लागते?" आईने आयुष्यात कधी कशाची तक्रार केली नाही. हा तिचा गुण आहे असे सगळे नातेवाईक म्हणतात. नातेवाईकांना तिच्या घरात राहायचे नसते, म्हणून ते म्हणतात. न बोलणाऱ्या माणसाबरोबर राहायचे म्हणजे घरात रोज गुप्त पोलिसाचे काम करावे लागते. शेवटी डॉक्टरांनीच सांगितले की रात्रीची खोली गार ठेवा, आणि आम्ही दुकानात गेलो.

दुकानदाराने खोलीची लांबी-रुंदी विचारली आणि म्हणाला, "दीड टन घ्या."

आमच्या हिने माझी बाही ओढली. "अहो, दीड टन! भिंत झेपेल का? आधीच तिथं फडताळ आहे."

दुकानदार हसला. मीही हसलो, पण मलाही तेच विचारायचे होते. हा टन वजनाचा नव्हे, हे मला पुढे निवृत्तीच्या रिकाम्या वेळात कळले. जुन्या काळी खोल्या गार करायला बर्फ वापरीत. अमेरिकन मापाचा एक टन बर्फ, म्हणजे सुमारे ९०७ किलो, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल तेवढी ओढणारे यंत्र ते एक टनाचे. म्हणजे आमच्या आईच्या उशाशी रोज दीड टन बर्फाची लादी ठेवल्यासारखे झाले. आता दीड टन बर्फ म्हटल्यावर थोडे तरी पाणी होणार की नाही? पण हा विचार तेव्हा दुकानदाराने केला नाही आणि मीही केला नाही.

यंत्र बसवायला दोन पोरे आली. त्यांनी अर्ध्या तासात भिंतीला भोक पाडले, तांब्याच्या नळ्या बाहेर काढल्या, आणि एक पांढरी लवचिक नळी खिडकीबाहेर अशी सोडून दिली की जणू ती आमची कुणीच लागत नव्हती.

"ही कसली?" मी विचारले.

"पाण्याची."

"एसीला पाणी लागतं?"

"लागत नाही. येतं. थोडं."

'थोडं' हा शब्द कारागिराच्या तोंडून आला की सावध व्हावे. 'थोडं खोदावं लागेल', 'थोडा खर्च येईल', 'थोडं थांबा' या तीन वाक्यांवर महाराष्ट्रातली निम्मी घरे उभी आहेत.

त्या रात्री आई आठ तास झोपली. सकाळी म्हणाली, "अगदी महाबळेश्वर हो!" आई महाबळेश्वरला कधीच गेलेली नाही, त्यामुळे तिचे मत या बाबतीत अखेरचे मानायला हरकत नव्हती. मी कॉलर ताठ करून आठवडाभर हिंडलो. मातृभक्त पुत्र म्हणून माझी कीर्ती पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत पसरली. फक्त दुसऱ्या मजल्यावर ती पोचली नाही. तिथे पाणी आधी पोचले होते.

दुसऱ्या मजल्यावर, आमच्या बरोबर खाली, नाना राहतात. नाना एका नगरपालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले. वय चौऱ्याहत्तर. आमचा सव्वीस वर्षांचा शेजार. त्यांचे वर्तमानपत्र सकाळी नऊला वर यायचे, आमचे खाली जायचे. त्यामुळे दोघांनाही एका पैशात दोन संपादकांवर रागावता यायचे. मी बँकेत होतो म्हणून ते मला 'बँकवाले' म्हणायचे. आदल्या वर्षी त्यांच्या छातीत ती स्प्रिंग बसवली, तेव्हा रात्री दवाखान्यात मी बसलो होतो. तेव्हापासून ते खिडकीला लागून पलंग टाकून झोपत. आणि त्या खिडकीवर पत्र्याचा छज्जा होता. आणि त्या छज्ज्यावर आमची नळी होती.

टप्. टप्. टप्.

"बँकवाले," नाना जिन्यात म्हणाले, "रात्रभर पत्र्यावर पाणी पडतं हो तुमचं. डोळ्याला डोळा लागत नाही."

या वेळी मी 'अरेरे, बघतो हं' एवढे म्हटले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मी त्या आठवड्यात मातृभक्त होतो. मातृभक्त माणसाला दुसऱ्याच्या झोपेचे काय? मी म्हणालो, "नाना, पावसाळ्यात चार महिने पत्र्यावर पाऊस पडतो, तेव्हा झोपता ना?"

नानांनी माझ्याकडे नुसते पाहिले आणि म्हणाले, "ठीक आहे, मिस्टर."

सव्वीस वर्षांत मी नानांचा 'मिस्टर' कधी झालो नव्हतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वर आले नाही. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींचे पत्र आले. त्यात लिहिले होते की आपल्या वातानुकूलन यंत्राचे सांडपाणी खालील सभासदांच्या छज्ज्यावर पडत असून आपण त्याचा सात दिवसांत बंदोबस्त करावा. मला बाकी काही लागले नाही, 'सांडपाणी' हा शब्द लागला. माझ्या आईच्या खोलीतले पाणी, आणि म्हणे सांडपाणी!

मग मी स्वतःच बंदोबस्त केला. आमच्या खिडकीबाहेर लोखंडी जाळी आहे. तिच्यात कुंड्या ठेवतो. लोंबणारी नळी मी बाहेरून वर ओढली, जाळीच्या आडव्या दांड्यावरून आत घेतली आणि एका बादलीत सोडली. शिवाय थेंबांचा आवाज होऊन पुन्हा पत्र यायला नको, म्हणून नळीचे टोक बादलीच्या पार तळाशी बुडवले. एवढे करून मी हात झटकले. पदार्थविज्ञान विषयात मला मॅट्रिकला छत्तीस मार्क होते, हे इथे नमूद करणे इष्ट होईल.

सकाळी बादली पाहिली तर अर्धी भरलेली. नळाला आठवड्यात जेवढे येत नाही तेवढे! मी हादरलो. हे पाणी येते कुठून? यंत्र तर कोरडे. मग मी पुस्तके चाळली आणि मला कळले की हे पाणी यंत्राचे नाहीच. ते हवेतले आहे. उन्हाळ्यात थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसाच. यंत्राच्या पोटात गार नळ्यांची एक जाळी असते. खोलीतली दमट हवा तिच्यावरून गेली की हवेतली वाफ नळ्यांवर थेंब होऊन बसते, थेंब खालच्या पन्हळीत पडतात, आणि पन्हळीतून नळीवाटे बाहेर जातात. आमच्याकडच्या दमट हवेत दीड टनाचे यंत्र तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढते.

गंमत अशी की हे यंत्र जन्मले तेच मुळी पाण्यासाठी. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्याची तक्रार होती की दमट हवेने कागद फुगतो आणि रंगीत छपाईत एक रंग दुसऱ्यावर नीट बसत नाही. विलिस कॅरियर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनियराने हवेतला दमटपणा काढून घेणारी योजना आखली. माणसांना गार वाटावे म्हणून नव्हे, कागद ताठ राहावा म्हणून! म्हणजे पाणी हा एसीचा दोष नाही, ती त्याची कमाई आहे. माणसाच्या पगारासारखी ती फक्त योग्य जागी पडली पाहिजे, एवढेच.

हे ज्ञान नानांना सांगावे असे फार वाटले. पण आम्ही बोलत नव्हतो. खाली टपटप थांबली होती. नाना झोपत असावेत. वर्तमानपत्र मात्र आले नाही ते नाहीच.

असे पंधरा-वीस दिवस गेले. मग एका पहाटे आईच्या खोकल्याने मला जाग आली. मी तिच्या खोलीत गेलो आणि अंधारात माझा पाय कशाला तरी लागून पायावर गार पाणी सांडले. दिवा लावला. पाहतो तो, आईचा पलंग भिंतीपासून हातभर पुढे सरकलेला. उशी पायथ्याशी. आई पलंगाच्या एका कडेला, पोराने आईजवळ निजावे तशी अंगाची जुडी करून निजलेली. आणि यंत्राच्या बरोबर खाली जमिनीवर तिचा पितळी तांब्या. तांब्यात जुन्या लुगड्याचा तुकडा घातलेला. वरून थेंब पडत होता आणि त्या फडक्यात मुकाट्याने मुरत होता. आवाज होऊ नये म्हणून ते फडके.

"आई, हे कधीपासून?"

"काही नाही रे. आत्ताच लागलंय गळायला."

गुप्त पोलिसाचा जुना अनुभव असल्यामुळे मी फडके उचलून पाहिले. ते बुळबुळीत झाले होते. आत्ताचे फडके इतक्यात बुळबुळीत होत नाही.

"आई."

"नऊ दिवस झाले," आई म्हणाली. "रात्री तांब्या भरला की मोरीत ओतते आणि परत ठेवते."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू ती नळी परत बाहेर सोडली असतीस. मग नानांची झोप गेली असती. तुमचं सव्वीस वर्षांचं मैत्र एवढ्याशा पाण्यापायी जायचं? मला काय, मी सरकून निजते."

मला एकदम काही बोलता येईना. आम्ही दोन जाणते पुरुष छज्ज्यावरून भांडत होतो आणि त्याचे पाणी शहाऐंशी वर्षांची बाई रात्री उठून उठून मोरीत ओतत होती. फडके हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो. मग आईच म्हणाली, "आता ते यंत्र बंद कर आणि चहा टाक."

दुपारी दुरुस्तीवाला आला. त्याने दारातूनच, बूटही न काढता, वर पाहिले आणि निदान केले. "गॅस गेलाय."

"पाणी गळतंय हो. गॅस नाही."

"गॅस गेला की पाणी गळतं."

डॉक्टर आणि दुरुस्तीवाले यांच्यापुढे मी कधी बोलत नाही. त्याने बाहेरच्या खोक्याला घड्याळासारखे काहीतरी जोडले, फुस्स असा आवाज काढला आणि तीन हजार दोनशे रुपये घेऊन गेला. त्या फुसकाऱ्याने मला आमच्या नळाची आठवण झाली, तेव्हाच मी ओळखायला हवे होते. रात्री बारा वाजता पाणी पुन्हा ठिबकायला लागले. या वेळी जरा जोरात, पैसे मिळाल्यासारखे.

मी हरलो होतो, पण आई हरली नव्हती. सकाळी नाना आपल्या खिडकीत तुळशीला पाणी घालत होते. आईने आमच्या खिडकीच्या जाळीला धरून हाक मारली, "नाना, जरा वर येता का? माझ्या डोक्यावर पाणी गळतंय हो."

दोन मिनिटांत नाना बनियनवरच वर आले. दीड महिन्यानंतर त्यांनी माझ्याशी पहिले वाक्य उच्चारले ते असे, "स्टूल आहे का?"

मी स्टूल आणले. नानांनी आधी भिंतीवरचे मोठे बटण बंद करायला लावले. "वीज आणि पाणी एकत्र असताना हात घालायचा नाही. खात्यात पस्तीस वर्षं काढली ती अशीच नाही." मग त्यांनी यंत्राचे झाकण वर केले आणि आतून दोन प्लॅस्टिकच्या जाळ्या ओढून काढल्या. जाळ्या कसल्या, गोधड्याच होत्या त्या! एवढी धूळ बसली होती की एक उशी भरली असती.

"ही कधी धुतली होती?"

"ही धुवायची असते?" मी विचारले.

नाना काही बोलले नाहीत. त्यांनी त्या आमच्या हिच्या हाती दिल्या आणि म्हणाले, "साध्या नळाखाली धुवा, सावलीत वाळवा. एसी रोज चालतो ना? मग दर पंधरा दिवसांनी." मग खाली जाऊन आपली जुनी पाणसळ घेऊन आले आणि ती यंत्राच्या अंगाला लावून पाहिली. "हे सरळ आहे. पोरांनी एवढं एक काम बरं केलंय." शेवटी ते खिडकीशी गेले आणि माझी नळी पाहून थबकले.

"ही कुणी लावली?"

"मी."

"बँकवाले," नाना म्हणाले, आणि ते 'बँकवाले' ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आले, म्हणजे आणखी एका नको त्या ठिकाणाहून पाणी आले, "ही नळी भोकातून आधी खाली लोंबते, मग वर चढून दांडा ओलांडते, मग परत खाली उतरून पाण्यात बुडते. अहो, पाणी म्हणजे काय एस.टी. आहे घाट चढायला?"

"पण पहिले पंधरा दिवस नीट चाललं!"

"चाललं, कारण यंत्र दांड्यापेक्षा उंच आहे. वरच्या पाण्यानं खालचं पाणी कसंबसं रेटलं. पण या झोळात पाणी साचून राहिलं. त्यात हवेतली धूळ आली. धूळ आणि ओल एकत्र नांदली की शेवाळासारखा बुळबुळीत गाळ धरतोच. त्यात तुम्ही टोक पाण्यात बुडवलंत. मग नळीतल्या हवेनं जायचं कुठं? पुढं रस्ता बंद, म्हणून पाणी पन्हळीत चढलं आणि आईंच्या उशाशी उतरलं. पाण्याचा काय दोष? त्याला खालीच जायचं असतं. तुम्ही बाहेरचं खाली बंद केलंत, त्यानं आतलं खाली शोधलं."

नातवाच्या सायकलचा पंप आणवून नानांनी नळीत हवा मारली. दुसऱ्या टोकातून चिंचेच्या कोळासारखा एक गोळा बाहेर आला, आणि त्याच्यामागून नऊ दिवसांचे तुंबलेले पाणी भळाभळा बादलीत पडले. मी इतक्या आनंदाने पाणी पडताना आयुष्यात कधी पाहिले नव्हते.

"आणि त्यानं गॅस भरला तो?" मी चाचरत विचारले.

"किती घेतले?"

मी आकडा सांगितला. नानांनी स्टुलावरच बसून घेतले. "अहो, गॅस म्हणजे काय स्टोव्हमधलं रॉकेल आहे रोज जळून संपायला? तो बंद नळ्यांतून गोल गोल फिरत असतो. नळीला कुठं छिद्र पडलं तरच कमी होतो, आणि मग आधी ते छिद्र बुजवावं लागतं, नुसता वर ओतून भागत नाही. गॅस कमी झाला की खोली नीट गार होत नाही आणि आतल्या जाळीवर बर्फ धरतो. खोली गार होत होती ना?"

"महाबळेश्वर!" आई पलंगावरून म्हणाली.

"बर्फ दिसला?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हते. तीन हजार दोनशे रुपयांची पावतीसुद्धा नव्हती.

चहा आला. चहाबरोबर नाना खुलले. पस्तीस वर्षे पाणी या विषयावर त्यांचे कुणी ऐकून घेतले नव्हते. लोक फक्त शिव्या द्यायला यायचे. त्यांनी बोटे मोडून सांगितले, "घरात एसीचं पाणी गळतं ते चार कारणांनी. एक, नळी तुंबली, किंवा तुमच्यासारखी चढावर गेली. दोन, जाळी मळली. वारा कमी पडला की आतल्या नळ्या फार गार होऊन त्यांवर बर्फ धरू लागतो, आणि यंत्र बंद केलं की तो एकदम वितळून पन्हळीत मावत नाही. गॅस कमी असला तरी हेच. तीन, यंत्र वाकडं बसवलेलं, पन्हळीचा उतार नळीच्या उलट बाजूला. चार, तांब्याच्या नळीवरचं काळं वेष्टण फाटलेलं. मग तांबं उघडं पडून त्याला घाम फुटतो, भिंत भिजते, आणि लोक यंत्राला नावं ठेवतात."

"आणि पावसाळ्यात दार उघडं टाकून एसी लावला तर?" आमच्या हिने विचारले. हा टोला मला होता.

"तर बाहेरची सगळी ओल यंत्राच्या उरावर. त्याच्या तोंडच्या पट्ट्यांवरसुद्धा थेंब जमतात. दार लावून घ्यावं. आणि उगाच अठरावर नेऊ नये. २०२० पासून नवीन यंत्रं कारखान्यातूनच चोवीसवर लावून येतात ती काही उगाच नाही."

"आईंना सव्वीस आणि हळू पंखा लागतो," ही म्हणाली.

"आई शहाण्या आहेत," नाना म्हणाले.

"चार कारणं झाली," मी म्हणालो. "पाचवं काही?"

"पाचवं, खालच्या माणसाशी भांडणं."

खोलीत जरा शांतता पसरली. मग मी जे दीड महिन्यापूर्वी जिन्यात म्हणायला हवे होते ते म्हणालो. ते इथे लिहीत नाही. क्षमा मागण्याची सवय नसल्यामुळे ते वाक्य व्याकरणदृष्ट्या फारच अशुद्ध झाले होते.

"जाऊ द्या हो," नाना म्हणाले. "नळी सरळ भिंतीवरून खाली उतरवा. चिमटे मारून घट्ट बसवा, कुठं झोळ नको. माझ्या छज्ज्याच्या बाजूनं आणून माझ्या खिडकीतल्या बादलीत सोडा. टोक बादलीच्या काठाशी ठेवायचं, पाण्यात बुडवायचं नाही. झाडांना होईल, लादी पुसायला होईल. प्यायला तेवढं नको, धुळीवरून आणि धातूवरून आलेलं असतं ते."

"पण तुम्हाला पाण्याचाच त्रास होत होता ना?"

"पाण्याचा नाही, पत्र्याचा. पाणीखात्यातला माणूस मी, मला पाण्याचा कसला त्रास? पहिल्याच दिवशी सांगणार होतो की माझ्याकडे सोडा म्हणून."

"मग सांगितलं का नाहीत?"

"विचारलंत कुठं?"

त्या दिवसापासून नळी खाली गेली आणि वर्तमानपत्र वर आले. आता दर पंधरा दिवसांनी मी जाळ्या धुतो. उन्हाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर माणूस बोलावून आतली पन्हळ आणि नळी साफ करून घेतो, आणि तो दारातून गॅसचे नाव काढू लागला की त्याला खाली नानांकडे पाठवतो. तिथून तो परत येतो तेव्हा त्याने बूट काढलेले असतात. नानांचा मोगरा आमच्या पाण्यावर असा काही फुलला आहे की सेक्रेटरींनी एकदा ओंजळभर फुले मागून नेली. ती सांडपाण्यावरची आहेत, हे मी त्यांना सांगितले नाही.

यातून मी एक शिकलो. एसी चालू असताना बाहेर पाणी पडत असेल तर सगळे ठीक आहे असे समजावे. दमट दिवसांत बाहेरचा थेंब थांबला, की तो घरात कुठेतरी पडायच्या बेतात आहे. मग स्टूल घ्यावे, बटण बंद करावे आणि जाळी पाहावी. माणसांचेही बहुधा असेच असावे. नाना जिन्यात बोलले तोवर ठीक होते. ते बोलायचे थांबले, तेव्हा पाणी आईच्या उशाशी आले.

परवाच्या ऑक्टोबरातली गोष्ट. रात्री दीडला फोन वाजला. अशा वेळचा फोन म्हणजे छातीत धस्स. उचलला तर नाना.

"बँकवाले, पाणी थांबलंय हो."

"कसलं पाणी?"

"तुमचं. मघापासून बादलीत थेंब नाही. झोपमोड झाली माझी. आधी म्हटलं जाळी मळली असेल. मग म्हटलं..." नाना क्षणभर थांबले. "आई बऱ्या आहेत ना?"

मी धावत आईच्या खोलीत गेलो. यंत्र बंद होते. आई पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून जागी पडली होती. उशाशी रिमोट होता.

"आई, काय झालं? एसी का बंद केलास?"

"थंडी वाजायला लागली रे."

"अगं, मग हाक मारायची!"

"तुमची झोप कशाला मोडायची?" आई म्हणाली. मग फोनकडे बघून म्हणाली, "कोण, नाना का? त्यांना म्हणावं, मी बरी आहे. निजा आता."

मी निरोप सांगितला. पण नाना काही ठेवीनात. शेवटी म्हणाले, "नुसता थोडा वेळ लावता का हो? अठ्ठावीसवर लावा, आईंना गार लागणार नाही. दोन थेंब पडले की मला झोप लागेल."